घोट्याइतकं पाणी

दामूकाका गेल्याचा फोन आला तो समोरच्या क्वार्टरमध्ये. कोराडीच्या कॉलनीत आमच्या रांगेत तेवढ्या एकाच घरी फोन आहे. समोरच्या काकूंनी दारातून हाक मारली, बाबा बनियनवरच गेले आणि दोन मिनिटांत परत आले. "दामू गेला," एवढंच म्हणाले. दुपारी जेवून काका आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. आई रडायला लागली. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि माझ्या मनात त्या क्षणी पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते... मला वाटलं, सुटले. आता त्यांना सांगावं लागणार नाही.

काय सांगायचं होतं, ते आता दीड महिन्यानंतर लिहिते आहे. मी सोळा वर्षांची असताना दामूकाका खोटं बोलतात असं ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नाही, घरात तसं सांगितलंही. त्यांना मात्र एका शब्दाने विचारलं नव्हतं.

दामूकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. दोघेही रामटेकजवळच्या एकाच गावचे, धानाच्या बांधांवर एकत्र वाढलेले. काकांचे मोठे भाऊ अजून तिथली शेती बघतात. काका मॅट्रिक झाल्यावर नागपुरात आले आणि एका सरकारी कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढायला ड्राफ्ट्समन म्हणून लागले. सक्करदऱ्याला तलावाजवळ दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नाही. ते, काकू आणि एक काळी चोवीस इंची सायकल. दर रविवारी त्या सायकलवरून ते आमच्याकडे कोराडीला यायचे, अठरा-वीस किलोमीटर, उन्हाळ्यातसुद्धा. कोळशाच्या ट्रकांमागून आल्यामुळे चेहरा काळवंडलेला असायचा. अंगणातल्या नळावर तोंड धुतलं की मगच घरात पाऊल. "काहून वं, चूप बसून राहिली?" हे माझ्यासाठी ठरलेलं वाक्य. मी काही बोलले नाही की स्वतःच उत्तर द्यायचे, "इंग्रजी शाळेत मराठी बोललं तं छडी भेटत असन." मला मराठी आकडे पटकन कळत नसत. त्रेसष्ट म्हटलं की मी मनात मोजायला लागायचे, आणि ते बाबांकडे बघून म्हणायचे, "थांब, तार नागपूरहून विलायतेले गेली. जबाब येऊन राहिला." सगळे हसायचे. मीही हसायचे, पण मनात नोंद करून ठेवायचे. मला तशी सवय आहे.

दर चार-पाच वर्षांनी काका दिवाळीनंतर मोठी रजा काढायचे, सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकायचे, कोल्हापूरला उतरायचे आणि कोकणाच्या वाटेला लागायचे. राधानगरी, फोंडाघाट, कणकवली, आचरा, मग किनाऱ्याकिनाऱ्याने वर, आणि परत येताना गगनबावड्याचा चढ. घरी आले की महिनाभर बसून त्या रस्त्याची पट्टी काढायचे. कचेरीत ट्रेसिंग कापडाच्या कडा कापून टाकून देत. त्या चार बोटं रुंद कडा जोडून आठ-दहा हात लांबीची पट्टी व्हायची, बँडेजसारखी गुंडाळलेली. मधोमध रस्त्याची रेघ, चढ असेल तिथे वर जाणारी, उतार असेल तिथे खाली येणारी. दोन्ही बाजूंना बारीक, सरळ अक्षर. 'डावीकडे विहीर, पोहरा आहे.' 'वडाची सावली, दुपारी चांगली.' 'चहा. बुधवारी बंद.' 'दोन कुत्री, एक चावरे.' चढ मोजायचं त्यांचं माप होतं दम. एक दमाचा चढ, तीन दमांचा चढ, म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत सायकलवरून किती वेळा उतरून श्वास घ्यावा लागला ते. सायकलच्या हँडलवर एक लहान लाकडी खोकं बांधलेलं असायचं आणि त्यात दोऱ्याची दोन रिकामी रिळं. एका रिळावरची पट्टी दुसऱ्यावर गुंडाळत गेलं की पुढचा रस्ता बोटाबोटाने समोर यायचा. लिहायचा नियम एकच, जे आपल्या चाकाखालून गेलं तेवढंच लिहायचं. ऐकलेलं नाही, वाचलेलं नाही, आणि का, कशामुळे, हेही नाही.

मला त्या पट्ट्या फार आवडायच्या. त्यांच्यावर विश्वास मात्र बसत नव्हता. कधीपासून, ते नेमकं सांगता येणार नाही. काका किनाऱ्याने शे-दीडशे किलोमीटर जाऊन आले म्हणायचे, पण त्या सगळ्या लांब पट्टीवर समुद्र हा शब्द कुठेच नव्हता. कुत्री होती, समुद्र नव्हता. एकदा मी धीर करून विचारलं होतं, की समुद्र दिसायला कसा असतो. "त्याच्यावर सायकल चालते का वं? मंग मी काहाले पाहू," ते म्हणाले, आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून हसले. मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं. त्यांनी कधी शिंपला आणला नाही, आमसुलं आणली नाहीत, त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. काकू स्वतःच आईला म्हणायच्या की कुठे जातात देव जाणे, मले तं मूठभर वाळूही आणून दाखवली नाही. एका वर्षी काका रजेवर, म्हणजे कोकणात असताना, आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांनी त्यांना रामटेकच्या रस्त्यावर सायकलवर पाहिलं होतं. त्यांनी ते सहज सांगितलं आणि बाबांनी तितक्याच सहज सोडून दिलं. मी सोडलं नाही. ज्या माणसाच्या टेबलावरून दिवसभर रस्त्यांचे चढ-उतार जातात, त्याला घाट काढायला घाटात जायची गरज काय? भावाच्या शेतावर तीन आठवडे राहायचं, आराम करायचा आणि कचेरीतल्या कागदांवरून रस्ता काढायचा... असं मी कोणाला न सांगता जुळवून ठेवलं होतं. दर रविवारी त्यांच्या समोर चहा ठेवताना ते पुन्हा तपासून बघायचे, आणि प्रत्येक वेळी ते जुळायचं.

मग माझ्या भावाने, अजितने, तोच रस्ता करायचं ठरवलं. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो आणि त्याचे तीन मित्र, दिवाळीच्या सुटीत, चार सायकली, दामूकाकांची पट्टी हातात घेऊन. काकांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पट्ट्या घेऊन ते आले आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या. रस्ता नव्या पट्टीवरून घ्यायचा, जुनीवरच्या विहिरी त्यात भरायच्या आणि चौघांसाठी चार नकला करायच्या. "तुहं अक्षर छाप्यासारखं हाय. हे काम तुलेच येते," असं म्हणाले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या मागोमाग असंही वाटलं की आता दोन्ही पट्ट्या एकदम माझ्या हातात आहेत.

तीन दिवस मी त्या जेवणाच्या टेबलावर अंथरून बसले. घाट जुळत होता. विहिरी जुळत होत्या. चावरं कुत्रंसुद्धा एकाच गावात होतं, फक्त जुन्या पट्टीवर एक आणि नवीवर दोन. आचऱ्याच्या पुढे खारवाडी नावाचं एक लहानसं गाव होतं, त्याच्या अलीकडे खाडी. जुन्या पट्टीवर लिहिलं होतं, 'पात्र चाळीस पावले. घोट्याइतके पाणी. तळ वाळूचा, घट्ट. सायकल हातात धरून पार.' नव्या पट्टीवर त्याच जागी, त्याच वडापासून तेवढ्याच अंतरावर, 'पात्र दोनशे पावले. पाणी खोल. होडी.' दोन्हींवर तारखा होत्या आणि दोन्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या.

मी लाल पेन्सिल घेतली आणि दोन्ही जागांभोवती गोल काढले. मला त्याचा आनंद होत होता, हेही मला कळत होतं.

त्या संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आल्यावर मी त्यांना दाखवलं. बाबा वीजकेंद्रात शिफ्ट बघतात. एकाच दाबाचे दोन काटे दोन आकडे दाखवायला लागले तर त्यातला एक खोटा, हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी दोन्ही पट्ट्या दोनदा वाचल्या. मग मला जे जे माहीत होतं ते मी सांगितलं. समुद्राबद्दल, रामटेकबद्दल, कचेरीतल्या नकाशांबद्दल. मी सलग इतकं कधीच बोलत नाही, त्यामुळे सगळे ऐकत होते. अजित म्हणाला, वर कुठे धरण असेल, पाणी सोडलं असेल. बाबांनी पट्टीवर बोट ठेवलं. धरण असतं तर दामूने लिहिलं नसतं का, त्याने तर कुत्री लिहिली आहेत. आमच्यासाठी पाणी म्हणजे कन्हान, वैनगंगा, नाहीतर सक्करदऱ्याचा तलाव. पावसाळ्यात चढतं आणि मग उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. कोरड्या डिसेंबरात घोट्यापासून होडीपर्यंत जाणारं पाणी आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं.

"हे दामूनं बसल्या जागी काढलं," बाबा म्हणाले. "आणि याच्या भरोशावर मी चार पोरं पाण्यात उतरवू?"

अजित भांडला, रडकुंडीला आला, पण जाणं रद्द झालं. काकांना काय सांगायचं तेही बाबांनीच ठरवलं. परीक्षा पुढे आली असं सांगायचं. म्हाताऱ्या भावाला तोंडावर खोटारडा कशाला म्हणा.

रविवारी काका आले ते कॅरिअरवर चार लाकडी खोकी बांधून. चौघांसाठी चार, प्रत्येकात दोन-दोन रिळं, वर झाकण, झाकणाला काच. अंगणातल्या नळावर तोंडही न धुता ती खोकी घेऊन आत आले. "दरेकाची पट्टी दरेकाजवळ," ते अजितला सांगायला लागले, "एकजण हरवला तं बाकीच्याहिनं त्याले शोधाव, पट्टी नाही." अजित जमिनीकडे बघत होता. बाबांनी परीक्षेचं सांगितलं. काकांनी अजितकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेपर का... बरं." खोकी त्यांनी खिडकीत एकावर एक नीट रचून ठेवली. आईने चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "पट्ट्या कुठं हायेत वं बाई?"

पट्ट्या टेबलावर होत्या. बाबांना दाखवल्या तशाच, खारवाडीपाशी उघड्या, एकीखाली एक. गुंडाळून ठेवायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. काका टेबलाशी गेले आणि उभे राहिले. अर्धा मिनिट असेल. मग त्यांनी आधी जुनी गुंडाळली, मग नवी, दोन्ही सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि सायकलकडे गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. किंवा बघितलंही असेल, मी खाली बघत होते.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे आले. "काहून वं, चूप बसून राहिली?" त्याच्या पुढच्याही रविवारी आले. खारवाडीचं नाव कधी निघालं नाही, पट्टीचंही नाही. त्यानंतर ते कोकणात गेले नाहीत आणि कोणाला पट्टी दिली नाही. गुडघे दुखतात म्हणायचे. मी याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. पकडला गेलेला माणूस असाच गप्प होतो. ते माझ्यासाठी कचेरीतून कडक पेन्सिली आणायचे, नकाशाच्या, टोक न मोडणाऱ्या. आधीही आणायचे, पण आता प्रत्येक पेन्सिल घेताना मला वाटायचं, ही कशासाठी? माझं तोंड बंद राहावं म्हणून? तसं असेल तर त्यांनी लाल गोल पाहिले. आणि पाहिले नसतील, तर त्यांच्या त्या गप्प बसण्याला दुसरं काय कारण? हे माझ्या डोक्यात चार-साडेचार वर्षं चाललं. त्यांच्याशी मी पूर्वीइतकंच बोलायचे, म्हणजे जवळजवळ नाहीच, त्यामुळे कोणाला काही वेगळं दिसलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या, मीनलच्या बहिणीचं लग्न होतं. तिचं गाव कोकणात. मी सहसा कोणाकडे जात नाही, पण तिने गावाचा पत्ता सांगताना आचऱ्याच्या पुढे म्हटलं आणि मी हो म्हणाले. घरी खरं कारण सांगितलं नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसातला घरातल्या बायका पलीकडच्या देवळात नारळ ठेवायला निघाल्या. पलीकडे कुठे, असं मी विचारलं, तर खारवाडीला. वाटेत वड होता. मग खाडी आली आणि बायका साड्या जराशा उचलून बोलत बोलत पाण्यात शिरल्या. मीही शिरले. पाणी घोट्याइतकं होतं. खाली वाळू, आणि ती घट्ट होती, पाय रुतत नव्हता. मी मनात पावलं मोजली, बेचाळीस भरली. माझ्या पायांखाली दामूकाकांचं अक्षर होतं... आणि तेव्हासुद्धा माझ्या मनात काय यावं? म्हणजे जुनी पट्टी खरी. नवी त्यांनी घरी बसून काढली.

देवळातून निघून एका नातेवाइकांकडे बसून आम्ही परत आलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. खाडी तिथे नव्हती. म्हणजे होती, पण सकाळी आम्ही चपला काढून ठेवल्या होत्या तो दगडही दिसत नव्हता. पार माडांच्या बुंध्यापर्यंत पाणी, स्वच्छ, संथ, कुठूनही धावून न आलेलं. बायका होडीत बसायला लागल्या. आकाशात ढगाचा पुंजका नव्हता. मी होडीवाल्याला विचारलं, वर कुठे जोराचा पाऊस झाला का.

त्याने बांबू थांबवून माझ्याकडे नीट बघितलं. "पाऊस? भरती इली हा, बाये. तुमचा गाव खंयचा?"

मी नागपूर म्हणाले. तो बाकीच्या बायकांना म्हणाला की नागपुराक दर्या नाय, बिचारी काय करतली, आणि सगळी होडी हसली. मीनलही हसली. मला शाळेतली वही आठवली. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत, पृथ्वीभोवती पाण्याचा फुगवटा, बाण काढून खाली इंग्रजीत नावं, स्प्रिंग टाइड, नीप टाइड. ती भरती-ओहोटीची आकृती मी न बघता काढायचे. लाल पेन्सिलने गोल काढले त्याच वर्षी त्या आकृतीला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

परतीच्या गाडीत मी एक वाक्य तयार केलं. आधी इंग्रजीत सुचलं, मग त्याचं मराठी केलं, मग ते फार पुस्तकी वाटलं म्हणून बदललं. नागपूरला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याला गेले. काका तोवर निवृत्त झाले होते, गुडघे खरोखरच गेले होते. खिडकीशी खुर्चीत बसले होते आणि सायकल भिंतीला टेकून उभी होती. मी सांगितलं की मी समुद्र पाहिला.

"बरं झालं. आपल्या घरातल्या एकानं तं पाह्यला," ते म्हणाले. मग रस्त्याची चौकशी सुरू झाली. डांबर कुठपर्यंत आलं, वड आहे का, चहाचं दुकान कोण चालवतं. आचऱ्याच्या अलीकडचा चढ तीन दमांचा, तो मला किती दमांचा गेला. मी म्हटलं, तो मी एसटीने चढले.

"येष्टीनं?" ते म्हणाले. "मंग तुह्या डायवरले विचारा लागन."

काकू हसल्या, मी हसले. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलं होतं. काका खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी तसंच बाहेर बघत विचारलं, "आणखी काही पाह्यलं का वं?"

मी नाही म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. घरी येताना बसमध्ये मला नेहमीसारखा संशय आला, की त्यांना सगळं माहीत आहे आणि ते वाट बघताहेत. पण नसेल माहीत तर आपणहून कशाला सांगायचं? त्यानंतर दोन वर्षं मी हे असं उलटसुलट करत राहिले. दर भेटीत ठरवायचे, पुढच्या भेटीत. आणि मग समोरच्या क्वार्टरमध्ये फोन आला.

चौदाव्या दिवशी मंडळी पांगल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. पट्ट्या होत्या, पाच की सहा, प्रत्येकीला सुतळी. "हे तू ने," काकू म्हणाल्या. "तुले द्या असं काही त्याहिनं म्हटलं नव्हतं, उगा खोटं काहाले सांगू. पण दुसरं कोण वाचन?" मी जमिनीवर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मी सरळ प्रश्न विचारला, की काका रजेत रामटेकला राहायचे का.

"मंग?" काकू म्हणाल्या. "आधी आठ दिवस रामटेकले, भावाकडं. गडाच्या रस्त्यानं रोज वर-खाली करत. नागपुरात चढ कुठं हाय पायाले सवय लावाले? मंग तिथून गाडी. तुले माहीत नव्हतं?"

"मी विचारलं नाही कधी."

"तू कुठं काही विचारतं," काकू म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

नवी पट्टी मी तिथेच उघडली. खारवाडीपाशी माझा लाल गोल तसाच होता, पुसलेला नव्हता. त्याच्या शेजारी, इतर मजकुरापेक्षा काळ्या शाईत, तेच सरळ अक्षर. 'भरती-ओहोटी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. त्यानंतर पाच तास थांबून उतरावे. हे लिहायचे राहिले होते.' खाली तारीख होती, खोकी घेऊन आले त्या रविवारनंतरच्या मंगळवारची. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. दोन दिवसांत त्यांना कळलं होतं की आम्ही काय समजलो आणि कशामुळे, आणि त्यांनी उत्तरही लिहून ठेवलं होतं. मी हिशेब करून पाहिला. मीनलच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेवर वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. आम्ही दीडलाच होडीत बसलो होतो.

पट्टीच्या शेवटी एक चौकट होती. सरकारी नकाशाच्या कोपऱ्यात असते तशी, तीन ओळींची. नकाशा काढला कोणी, शाईने उतरवला कोणी आणि तपासला कोणी. तिसरी सही झाल्याशिवाय नकाशा कचेरीबाहेर जात नाही, असं काकूंनीच मला सांगितलं. बाकीच्या सगळ्या पट्ट्या मी उघडून पाहिल्या. काढले, उतरवले, यापुढे काकांचं नाव आणि तपासले यापुढे रेघ. या एका पट्टीवर ती रेघ ब्लेडने खरवडून काढली होती, कापड तिथे पातळ झालं होतं. त्यावर माझं नाव होतं, 'तपासले: कु. सुनीता.'

मी पट्टी काकूंपुढे धरली. हे त्यांनी टोमणा म्हणून लिहिलं का, असं विचारलं. काकूंनी चष्मा शोधला, वाचलं, बोट त्या पातळ जागेवरून फिरवून पाहिलं. "टोमणा तोंडानं मारतेत वं," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी एवढं खरवडत कोण बसते?"

मला ते पटायला हवं. पुष्कळदा पटतंही. पण मी माझ्या स्वभावाला ओळखते, काही दिवशी सकाळी उठल्यावर पुन्हा वाटतं की त्यांनी मनातून मला माफ केलेलं नसणार... कारण त्यांनी माझं नाव लिहिलं, पण मला दाखवलं नाही. त्यांना वाटलं असेल, हिला शंका आली तर हिने विचारावं. सात वर्षं ती पट्टी पलंगाखाली होती आणि त्यातली कितीतरी वर्षं मी दर रविवारी त्यांना चहा देत होते. बाबांना मी तो मजकूर दाखवला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला. "भरती," ते म्हणाले, आणि पट्टी गुंडाळून परत देताना, "मी त्याले परीक्षा म्हणालो होतो." एरवी बाबा घरात 'त्याला' म्हणतात, गावच्यासारखं 'त्याले' नाही. अजित आता भिलाईला नोकरीला आहे. त्याला मी सगळं लिहून कळवलं आहे.

आता रविवारी मी सक्करदऱ्याला जाते, कोराडीच्या बसने. काकूंना सायकल येत नाही, पण ती विकायला त्या तयार नाहीत. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते. दर रविवारी सकाळी काकू पदर खोचून, पंपावर पाय देऊन तिच्या दोन्ही चाकांत हवा भरतात. बसलेल्या चाकाकडे पाहवत नाही म्हणतात. पहिल्या रविवारी मी बघत बसले होते. दुसऱ्या रविवारी त्यांनी पंप बाजूला ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि मला म्हणाल्या, "पाह्य वं, भरली का बरोबर."

मी खाली बसले. पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, मग मागचं. बरोबर भरली आहे असं मी सांगितलं. काकू चहा टाकायला आत गेल्या. मी मागचं चाक पुन्हा एकदा दाबून पाहिलं.